लिओटार्ड घरी शिवायचा तर: जुना टी-शर्ट की जुनी लेगिंग?

मुलीच्या नाचाच्या क्लाससाठी लिओटार्ड, म्हणजे धड झाकणारा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, घरीच शिवायचा असं एकदा ठरलं, की कपाटातून दोनच खरे उमेदवार बाहेर येतात. मोठ्या माणसाचा जुना टी-शर्ट, आणि मोठ्या माणसाची जुनी लेगिंग. शर्ट, पँट, चादर यांचं न ताणणारं कापड इथे बाद. त्याचा फार तर घेरदार स्कर्ट होईल. पोहण्याचा जुना पोशाख तिसरा उमेदवार वाटतो खरा, पण क्लोरीनच्या पाण्याने त्यातला लायक्रा, म्हणजे ताणून परत येणारा धागा, आधीच खाल्लेला असतो. कानाजवळ धरून ताणलात तर बारीक करकर ऐकू येते. तो विषय तिथेच संपवा.

मी दोन्ही प्रकारचे लिओटार्ड शिवले आहेत, आणि दोन्ही मुलीने घातले आहेत. त्यामुळे पुढचं सगळं एका पोरीच्या अंगावरून आणि एका साध्या घरगुती मशीनवरून काढलेलं मत आहे. तुमची मुलगी, तुमचं मशीन वेगळं असेल तर थोडं इकडेतिकडे होईल.

टी-शर्टच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तो मशीनखाली शहाण्यासारखा चालतो. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई, पॉलिस्टरचा दोरा, बारीक झिगझॅग, एवढ्यावर काम होतं. कापड भरपूर मिळतं, बाह्यासुद्धा त्यातूनच निघतात. वापरून वापरून मऊ झालेलं असतं, त्यामुळे मुलांची ‘टोचतंय’ ही तक्रार येत नाही. घाम शोषतो. शिवाय होजिअरीचं कापड कडेला उसवत नाही, म्हणून मशीनला ओव्हरलॉक नसलं तरी अडत नाही. कापलेली कड गुंडाळते, हा त्याचा एक चाळा. आडवी कापलेली कड सुलट बाजूकडे वळते, उभी कापलेली उलट बाजूकडे. मुंढ्यासारख्या वळणदार जागी तर दोन्हीकडे वळते आणि तुम्ही टाचण्या शोधत बसता. कडेला स्टार्चचं पाणी लावून वाळवलं, की तेवढ्यापुरतं ते गप्प बसतं. हे काही टी-शर्ट नाकारण्याचं कारण नव्हे.

लेगिंग शिवायला त्यामानाने खट्याळ. साधी सुई घातलीत तर ती टाके सोडते, आणि शिवण वरून ठीक दिसली तरी पहिल्याच ताणाला उसवते. त्यासाठी स्ट्रेच सुई वेगळी मिळते, ती लागतेच. शिवणीच्या सुरुवातीला कापडाचा कोपरा मशीनच्या पोटात ओढला जातो. खाली पातळ कागदाचा तुकडा ठेवून शिवायचं आणि नंतर तो फाडून काढायचा. कापडही मोजकंच. बहुतेक लेगिंगच्या पायाला आतल्या बाजूलाच शिवण असते, ती कापली की पाय सलग पट्टीसारखा उघडतो. एका पायातून पुढचा भाग, दुसऱ्यातून मागचा. लहान मुलीला हे पुरतं; मूल मोठं झालं की दोन्ही कडांना पट्टी जोडावी लागते. लांब बाह्या हव्या असतील तर दुसरी लेगिंग शोधा. म्हणजे शिवणाऱ्याच्या सोयीचाच विचार केला, तर टी-शर्ट सहज पुढे.

माझ्यापुरता निकाल लावला तो मुलीच्या हाताने. टी-शर्टचा लिओटार्ड घालून नाच सुरू झाला की थोड्या वेळाने तिचा हात मागे जायचा. दोन बोटं मांडीच्या कडेत घालून बैठक खाली ओढायची. मग खांद्यावरची पट्टी वर सरकवायची. चार पावलं नाचून झाली की पुन्हा बोटं मागे. रांगेतल्या बाकीच्या मुली हात वर नेत असताना हिचा एक हात कपडे सावरण्यात अडकलेला. बाहेर बसून हे बघणाऱ्या बापाला जे वाटायचं ते सोडा. तिचं लक्ष नाचात कमी आणि कडेत जास्त, हे स्पष्ट दिसत होतं.

गंमत म्हणजे घरी घालून बघितला की तोच लिओटार्ड अगदी अंगासरसा बसायचा. त्यामुळे संशय आधी इलॅस्टिकवर जातो. इलॅस्टिक आवळलं तर मांडीवर लाल वळ उठले आणि ओढणं तसंच राहिलं. खरी गोष्ट कापडातच आहे. टी-शर्टचं सुती कापड ताणलं जातं ते त्याचे फासे उघडतात म्हणून. सुताच्या धाग्याला स्वतःहून परत येण्याची ओढ नसते. एकदा उघडलेले फासे बहुतांशी तसेच राहतात. धुऊन वाळवलं की ते पुन्हा आवळतात, म्हणून पुढच्या वेळी घालताना सगळं पुन्हा उत्तम, आणि नाच मध्यावर आला की पुन्हा बैठक लोंबलेली. घामाने ओलं झालं की त्यात वजनाची भर.

दुसरं असं, की हे कापड आडवं भरपूर ताणतं, उभं फारच कमी. आणि नाचताना मूल उभंच लांबतं. पुढे वाकलं की पाठीची लांबी वाढते, हात वर गेले की बगलेपासून कमरेपर्यंतची वाढते. कापड साथ देत नाही, मग ते खांद्यात काचतं आणि खालून वर चढतं. आडवं मात्र तोवर सैल झालेलं. एकाच कपड्यात एका दिशेने घट्ट आणि दुसऱ्या दिशेने ढगळ, यावर शिवणीत काही इलाज मला तरी सापडला नाही. कापड आडवं फिरवून बेतलं तर उंचीला ताण मिळतो, पण अंगाभोवतीचा आवळपणा जातो.

लेगिंगमध्ये हे होत नाही. झालं तर फार कमी. तिच्यातला लायक्रा, म्हणजे स्पॅन्डेक्स, ताणल्यावर मूळ मापाला परत येतो, आणि बऱ्याच लेगिंगचं कापड उभंआडवं दोन्हीकडे ताणतं. वर्ग संपताना लिओटार्ड जवळपास तसाच असतो जसा सुरुवातीला होता. मुलीचा हात मागे जाणं थांबलं, त्या दिवसापासून मी टी-शर्टची बाजू फारशी ताणलेली नाही. स्पॅन्डेक्सचा शोध ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये लावला. त्याआधीही लोक लोकरीच्या, सुती विणीच्या कपड्यांत नाचत होतेच, असं कुणी म्हणेल. मान्य. जुन्या छायाचित्रांत त्यांच्या गुडघ्यांवर पडलेल्या चुण्याही नीट बघा.

मात्र ‘लेगिंग’ म्हटली की लायक्रा आलाच असं गृहीत धरू नका, आणि टी-शर्ट म्हणजे निव्वळ सुती असंही नाही. आतलं लेबल वाचा. ९५ टक्के सुती आणि ५ टक्के स्पॅन्डेक्स असा टी-शर्ट हाती लागला तर माझी निम्मी तक्रार गळून पडते. याच मिश्रणाची लेगिंग मिळाली तर फारच छान. घाम शोषते आणि परतही येते. लेबल पुसलं गेलं असेल तर कापड दुमडून १० सेंमीवर खूण करा आणि १५ सेंमीपर्यंत ताणा. आधी आडवं, मग उभं. सोडल्यावर खूण जागेवर आली तर कापड कामाचं. मुद्दाम थोडा वेळ ताणून धरा आणि मग सोडा. पटकन ताणून सोडलं तर सगळीच कापडं गुणी वाटतात.

जुन्या लेगिंगचा एक खरा धोका म्हणजे पारदर्शकपणा. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी कापड घासून विरळ झालेलं असतं, गोळे आलेले असतात. नुसतं बघून कळत नाही, ताणून खिडकीच्या उजेडात धरलं की हाताची बोटं दिसायला लागतात. ते भाग सोडून बेता. पोटऱ्या आणि मांडीचा बाहेरचा भाग सहसा ठणठणीत असतो. टी-शर्टला हा प्रश्न क्वचित येतो, हे त्याच्या खात्यावर लिहायला हवं.

मापाबद्दल फार सांगत नाही, एकच. छाती-कंबर मापून थांबू नका. एका खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर, असा टेपचा पूर्ण वेढा घ्या. लिओटार्ड बसतो की नाही हे या मापावर ठरतं. लायक्राच्या कापडात मी हा वेढा थोडा कमी धरून बेततो, निव्वळ सुती कापडात अंगाइतकाच. मूल वाढतं तेही आधी याच मापात, आणि लायक्रा ती वाढ काही महिने सांभाळून घेतो.

तरीही टी-शर्ट टाकून देऊ नका. क्लास लहान मुलांचा असेल, अर्धा वेळ गोल करून बसण्यात आणि टाळ्या वाजवण्यात जात असेल, तर टी-शर्टचा लिओटार्ड पुरेसा आहे आणि शिवायला सोपा. लायक्राने अंगावर पुरळ येत असेल तर प्रश्नच मिटला. वरून घालायच्या स्कर्टसाठीही तो उत्तम: पुढच्या-मागच्या भागांतून उंचीच्या दिशेने दोन अर्धवर्तुळं काढा, कंबरेला नेफा, खालची कड दुमडायची गरज नाही. ती जराशी गुंडाळते, पण फिरताना ते शोभून दिसतं. पायांतले वॉर्मर मात्र टी-शर्टचे करू नका, जुन्या स्वेटरच्या बाह्या त्यासाठी आयत्या तयार असतात.

लेगिंग घेणार असाल तर शिवणीआधी दोन गोष्टी आणून ठेवा: स्ट्रेच सुई आणि विणीचं इलॅस्टिक. गोफासारखं वळलेलं इलॅस्टिक ताणल्यावर अरुंद होतं आणि सुईने भोकं पडली की ढिलं पडतं. ते नेफ्यात ठीक, मांडीच्या कडेवर सरळ शिवायला नाही. मांडीच्या घेरापेक्षा इलॅस्टिक साधारण एक दशांश कमी घ्या. सगळा ताण मागच्या बाजूला द्या, पुढे जवळजवळ सपाट लावा. बैठकीतल्या अस्तराची कळी त्याच जुन्या टी-शर्टातून कापा. तिथे निव्वळ सुती कापडच बरं, आणि ते सैल पडलं तरी बाहेरचा लायक्रा त्याला धरून ठेवतो. धुताना सॉफ्टनर टाळा, वाळल्यावर इस्त्री फिरवू नका.