टेली-मानस १४४१६ : यवतमाळच्या खेड्यातून एक अभिप्राय

बारावीच्या निकालानंतर अबोल झालेल्या पुतण्यासाठी मी केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत दूरध्वनी सेवेला फोन केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. समुपदेशक ताईंनी केवळ निकालावर बोट न ठेवता त्याची झोप, जेवण, घरातील कर्ज, वडिलांची दारू आणि मित्रांशी तुटलेला संपर्क यांविषयी सविस्तर विचारले. तरुणांच्या आत्मघाती विचारांमागे बहुधा अशी अनेक कारणे एकत्र येतात, हे त्यातून उमगले. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारायला आपण कचरतो, परंतु त्या प्रश्नाने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधे कुलपात ठेवण्याचा सल्ला तर कपाशीच्या पट्ट्यात घरोघरी पोचायला हवा. घरात रेंज नसल्याने पुतण्या धुऱ्यावर जाऊन बोलला. एकांत मिळाला, हे एका परीने बरेच झाले. मात्र फोन म्हणजे पूर्ण उपचार नव्हे. औषधोपचाराची गरज भासल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा लागतो, आणि हंगामात त्यासाठी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते.