घरी बाइक सर्व्हिस करायला 'बिगिनर किट' मागवताय? माझे ११,५९८ गेले

आधी आकडा सांगतो. ५,६४९ किटचे, ४९९ व्हिडिओ कॉलवरच्या 'गायडन्स'चे, १,८७० क्लच प्लेटच्या सेटचे, आणि या सगळ्याने गाडीची जी वाट लागली ती निस्तरायला गॅरेजमध्ये ३,५८०. टोटल ११,५९८ रुपये. एवढ्या पैशात शोरूमला किती सर्व्हिसिंग झाल्या असत्या हा हिशोब घरात रोज ऐकतोय, तुम्ही परत नका सांगू.

आणि 'हौस कशाला करायची, मेकॅनिक असतात की' म्हणणाऱ्यांनी पण जरा थांबा. दीडशे सीसीची साधी गाडी, रोज ऑफिसला जाणारी. शोरूममध्ये दर वेळी जॉब कार्डवर चेन क्लीनिंग-ल्युबचे पैसे लावायचे आणि चेनवर बोट फिरवलं की काळा चिखल तसाच. ऑइल बदलणं, एअर फिल्टर साफ करणं, प्लग काढून बघणं, चेन धुऊन ल्युब मारणं, हे नवशिक्याने करण्यासारखंच काम आहे, मॅन्युअलमध्ये चित्रांसकट दिलेलं असतं. कल्पना चुकीची नव्हतीच. चोर होता तो रील टाकून किट विकणारा.

आता तुम्हाला वाटेल रील बघून भुललो. तर ऐका, तो रीलमध्ये बोलायचा ते सगळं बरोबर असायचं. चेन पेट्रोलने धुऊ नका, ओ-रिंग (चेनमधल्या रबरी कड्या) असतील तर खराब होतात, केरोसिन वापरा. ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. चेनचा ढिलेपणा एकाच जागी मोजू नका, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा आणि जिथे सगळ्यात ताठ आहे तिथे सेट करा. मी मॅन्युअलशी ताडून बघितलं होतं यातलं बरंचसं! खरं ज्ञान देणारा माणूस खोटा माल विकेल हे कोणाच्या डोक्यात येतं सांगा. तेच तर त्याचं भांडवल आहे. ज्ञान फुकट, विश्वास बसला की माल.

किटमध्ये काय होतं: टॉर्क रेंच (सेट केलेला जोर आला की क्लिक करणारा पाना), गोटी पान्यांचा सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), चेन ब्रश, चेन ल्युबचा स्प्रे, एक लिटर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, आणि चेंबरच्या बोल्टचा, म्हणजे खालून ऑइल काढायच्या बोल्टचा, वॉशर. ऑइल आणि प्लग नावाजलेल्या कंपन्यांचे. सुट्टं घ्यायला गेलं तर एवढ्यात येणार नाही असं वाटलं, पण 'थेट डिस्ट्रिब्युटरकडून उचलतो दादा' म्हणाला. कॅश ऑन डिलिव्हरी का नाही विचारलं तर म्हणे ऑइल लिक्विड असतं, कुरिअरवाले सीओडीत घेत नाहीत. पटलं. क्यूआर स्कॅन केला तेव्हा वर जे नाव आलं ते पेजचं नव्हतं, कुठल्यातरी बाईंचं होतं, ते पण विचारलं, 'मिसेसचं खातं आहे दादा, जीएसटीचं काम चालू आहे'. निम्मे छोटे धंदेवाले असंच करतात, यात कोणाला शंका येणार.

पार्सल आलं. आता ज्या गोष्टीने मला अजून रात्री झोप लागत नाही ती सांगतो. ऑइलचा डबा. नव्या डब्याचं झाकण पहिल्यांदा फिरवताना खालची रिंग कडकड आवाज करून सुटते आणि मानेलाच राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या डब्याची रिंग झाकणाबरोबरच फिरली. आवाज नाही, काही नाही. झाकण काढलं तर खाली चंदेरी फॉइल होती, पण एका बाजूला सुरकुतलेली, कडेला थोडी जळकट, घरी इस्त्रीने चिकटवल्यासारखी. बॅच नंबर डब्यावर छापलेला नव्हता, वेगळ्या स्टिकरवर होता आणि स्टिकर तिरका. डबा हातात घेऊन मी चांगला दहा मिनिटं बसलो होतो अंगणात. फोटो काढून त्याला पाठवला. लगेच व्हॉइस नोट आली, 'दादा कंपनीने पॅकिंग बदललंय, उन्हात गाडीत राहिलं की फॉइल अशी होते, बिनधास्त टाका, माझ्या स्वतःच्या गाडीत तेच आहे.' तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. बघितला की डोकं भणभणतं. पण मला सांगा, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा ऑइलचा डबा स्वतः उघडलाय त्याने फॉइल कशी असते हे कशाशी ताडून बघायचं? तोपर्यंत डबा उघडायचा तो शोरूमवाला, आत, काचेपलीकडे.

(तुम्ही ऑइल बदललं की रिकामा डबा भंगारवाल्याला अख्खा देऊ नका. आडवा कापा, लेबल फाडा. हे लोक तेच डबे भरतात.)

टॉर्क रेंचची गंमत तर वेगळीच. माझ्या मॅन्युअलमध्ये चेंबरच्या बोल्टला २४ न्यूटन मीटर (आवळायचा जोर) लिहिलंय. पाठवलेला रेंच अर्धा इंची, २८ ते २१० चा. म्हणजे सुरूच २८ पासून, कारच्या चाकाचे नट आवळायचा. 'खाली सेट करा, चालतो, क्लिक येईपर्यंत आवळा' असं त्याने सांगितलं. क्लिक आलाच नाही. आले ते आटे, बोल्टला चिकटून, ॲल्युमिनियमचे चमकदार धागे. बोल्ट नुसता फिरत राहिला. टेफ्लॉन टेप गुंडाळून कसाबसा बसवला, तो पण त्याच्याच सांगण्यावरून. रेंच घ्यायचाच असेल तर आधी आपल्या बोल्टचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि तो आकडा रेंचच्या रेंजच्या मध्ये कुठेतरी येतो का ते बघा, रेंजच्या कडेला पण नको.

गाडी सुरुवातीला ठीक चालली. मग चढावर थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी ओढायचीच नाही. वरच्या गिअरला तर आवाज एकीकडे आणि गाडी एकीकडे. क्लच लिव्हरचा प्ले (मोकळी हालचाल) मॅन्युअलप्रमाणे तपासला, बरोबर होता. म्हणून त्यालाच विचारलं, दुसरं कोणाला विचारणार, सगळं तोच शिकवत होता. म्हणे असं मेसेजवर सांगता येत नाही, ४९९ भरा, व्हिडिओ कॉलवर बघतो. भरले. कॉलवर गाडी स्टँडवर लावायला लावली, मग चालवून दाखवायला लावली, आणि दोन मिनिटांत निदान: 'दादा क्लच प्लेट गेल्या. तुमच्या गाडीचं वयच झालंय. ओरिजनल सेट आहे माझ्याकडे, १,८७०.'

म्हणजे बघा, ज्याने डुप्लिकेट ऑइल घालायला लावून क्लच घालवला त्यानेच ४९९ घेऊन क्लच गेल्याचं सांगितलं आणि त्यानेच १,८७० ला प्लेट विकल्या. रोग पण त्याचाच, डॉक्टर पण तोच, औषधाचं दुकान पण त्याचंच. आणि मी त्याला कॉलच्या शेवटी थँक्यू म्हणालो.

प्लेट बदलायला इंजिनचं उजवीकडचं कव्हर उघडावं लागतं, ते माझ्या कुवतीबाहेरचं म्हणून सेट घेऊन गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेलो. काकांनी पाकीट फोडलं, एक प्लेट काढून उजेडात धरली, अंगठ्याने दाबली. फ्रिक्शनचे तुकडे वेड्यावाकड्या अंतरावर चिकटवलेले, एक तर नखाने उचकटला. म्हणाले, 'बसवून देतो, पण महिन्यात परत येशील.' मग चेंबर खोलला, ऑइल बाहेर आलं ते पाण्यासारखं पातळ. बोटावर घेऊन हुंगलं आणि विचारलं हे कुठून आणलंस. वापरलेलं ऑइल गाळून भरलेलं, किंवा कारचं हलकं ऑइल, दोन्ही असू शकतं म्हणाले. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तर डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असतं, ते क्लच घसरणार नाही अशा ऑइलचं मानक आहे. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करायचे पदार्थ असतात, इंजिनला ते चांगले आणि आपल्या क्लचला विष. माझ्या डब्यावर एमए२ लिहिलेलं होतंच हो. डबा खराच होता, आतलं खोटं.

बिल: प्लेट १,४२०, कव्हरचं गॅस्केट १४०, ऑइल ४८०, फिल्टर ९०, गेलेल्या आट्यांच्या जागी तारेची कॉइल बसवायचे ६५०, मजुरी ८००. जुन्या प्लेट काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या. काकांनी त्या पिशवीत घालून दिल्या, पुरावा म्हणून. पुरावा! कोणाला दाखवायचा?

त्याला फोन केला तर आधी 'दादा तुम्ही बसवताना चुकलात', मग 'माल उघडला की रिटर्न नाही', मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, माल आला का? आला. मग फसवणूक कुठे, हे दिवाणी मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. म्हटलं साहेब, खोटा माल खरा म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, ३१८ कलम आहे, पूर्वीचं ४२०. म्हणे माणूस आपल्या हद्दीतला आहे का? म्हटलं बीएनएसएसच्या (नागरिक सुरक्षा संहितेच्या) १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो. 'तुम्ही वकील आहात का?' नाही. 'मग अर्ज देऊन जा.' अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्या खेपेला सांगितलं, डुप्लिकेट मालाची तक्रार ज्या कंपनीचं नाव वापरलं तिने द्यायला पाहिजे. कंपनीला मेल केला, डब्याचे, झाकणाचे, स्टिकरचे फोटो. उत्तर आलं की आमची उत्पादनं अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि स्थानिक यंत्रणेकडे तक्रार करा. स्थानिक यंत्रणा म्हणजे तेच, शिक्का जेवायला गेलेले.

बँकेत डिस्प्यूट टाकला. व्यवहार यशस्वी, क्लोज. बँकेतली मुलगी छान बोलली, म्हणाली सर तुम्हीच पिन टाकलाय ना. हो ताई, मीच टाकलाय, चोराने येऊन टाकला असता तर बरं झालं असतं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे पुढे सरकायच्या आत रक्कम अडवता येते. इथे फसलोय हे कळायलाच क्लच जळावा लागला.

आता ग्राहक आयोग. पाच लाखापर्यंत फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते, सगळं छान. फक्त समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. तो कुठे आहे? पार्सलच्या लेबलवर अर्धवट नाव आणि एक पिनकोड. कुरिअरच्या ऑफिसला गेलो, पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही. पोलीस म्हणाले गुन्हा नोंद नसताना पत्र कसं देऊ. गुन्हा का नोंदवत नाही? आरोपीचं नाव-पत्ता काय आहे तुमच्याकडे? अक्षरशः असं झालंय, मी मनाने रचत नाहीये. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीवर बरोबर आहे आणि फिरतोय मी, अर्धा दिवस रजा टाकून, पेट्रोल जाळून. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात नाव-पत्ता दाखवला पाहिजे, तक्रार अधिकारी पाहिजे, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण. कागदावर वाचायला फार सुंदर आहेत. पोलिसांच्या अर्जाची पोच मला अजून मिळालेली नाही.

तेव्हा पेमेंट करायच्या आधी पूर्ण पत्ता आणि जीएसटी नंबरचं बिल मागा, नाही दिलं तर विषय संपला, कारण नंतर हाच पत्ता सगळे तुमच्याकडे मागणार आहेत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, लेबल स्पष्ट दिसेल असा. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड, क्लच प्लेट या चार गोष्टी कंपनीच्या पार्ट काउंटरवरून, मॅन्युअलमधला पार्ट नंबर दाखवून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. रिंग फिरली तर डबा परत, समोरचा कितीही गोड बोलू दे. आणि जो माल विकतो त्याच्याकडून निदान करून घेऊ नका.

ऑइल मी आता स्वतःच बदलतो, काकांनी एकदा बसवून दाखवलं, एक पैसा घेतला नाही. कारच्या टॉर्क रेंचला गिऱ्हाईक मिळत नाहीये, कोणाला पाहिजे असेल तर सांगा, कारला चालेल बहुतेक.

पेज अजून चालू आहे. नाव बदललंय, आवाज तोच. परवा मित्राच्या फोनवरून बघितलं तर 'हॅपी कस्टमर' म्हणून व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट लावलाय, त्यात माझी गाडी, माझं अंगण आणि कोपऱ्यात माझा हात. नंबर प्लेट तेवढी धूसर केलीये. मित्राने खाली खरं काय ते लिहिलं तर दहा मिनिटांत त्याला पण ब्लॉक. किट आता ५,९९९ ला आहे.