खोट्या लंडनमधले आठ महिने

गेल्या गणपतीत आतेभाऊ जर्मनीहून आला, तेव्हा एडगर वॉलेसच्या नावावरच्या जुन्या जर्मन रहस्यपटांचा डीव्हीडी संच घेऊन आला. मी जर्मनच्या बी-वन परीक्षेच्या तयारीत होते, कानावर भाषा पडेल एवढाच हेतू. परीक्षा होऊन गेली, चित्रपट मात्र अजून दर शनिवारी रात्री लागतो.

आधी कटकट सांगते. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा एक क्रमांक असतो, रीजन. डिस्क रीजन 2 च्या, आपल्याकडचा प्लेअर रीजन 5 चा. पहिल्या रात्री टीव्हीवर नुसती सूचना. मग लॅपटॉपला ड्राइव्ह जोडला. त्याचा रीजन मोजून पाचदाच बदलता येतो हे दोनदा बदलून झाल्यावर कळलं. इंग्रजी सबटायटल्स काही डिस्कवर आहेत, काहींवर नाहीत, आणि खोक्यावर त्याचा पत्ता नाही.

वॉलेस इंग्रज लेखक, 1932 मध्ये वारला. रिआल्टो कंपनीने 1959 ते 1972 या काळात त्याच्या नावावर 30 हून अधिक चित्रपट काढले. पहिला, 'बेडूक मुखवट्याचा', डेन्मार्कमध्ये चित्रित झाला. कथा सगळ्या लंडनच्या, पण लंडनची खरी दृश्यं मधेमधे चिकटवलेली. गल्ल्या, धक्के आणि वाडे हॅम्बुर्ग-बर्लिनचे. 'थेम्सकाठची खानावळ' (1962) मधली थेम्स म्हणजे हॅम्बुर्गचं पाणी. पहिल्यांदा मला ही फसवणूक वाटली. आता धुकं आलं की बरं वाटतं, कारण त्या धुक्यात फक्त जर्मन बोलणारे इंग्रज राहतात. सगळे सर आणि मिस, आणि सगळ्यांचे उच्चार स्वच्छ, रंगभूमीवरचे. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं?

सुरुवात तर मी रिवाइंड करून बघते. काळा पडदा, गोळ्यांचे आवाज, आणि एक पुरुषी आवाज: 'हॅलो, हिअर श्प्रिष्ट एडगर वॉलेस', म्हणजे 'हॅलो, एडगर वॉलेस बोलतोय.' मेलेला लेखक फोनवर! हा आवाज बऱ्याचदा दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर यांचाच असे. मग कृष्णधवल चित्रपटात अचानक लाल अक्षरं येतात.

फोरर यांचा 'लंडनचे मृत डोळे' (1961) सगळ्यात आधी बघा. श्रीमंत म्हातारे थेम्समध्ये बुडून मरतायत, आणि प्रत्येकाचा विमा उतरवलेला. त्यात एक म्हातारा पाण्याच्या फवाऱ्याने दात साफ करतो, आणि कॅमेरा चक्क त्याच्या तोंडाच्या आत! दातांच्या कमानीतून आपण बाहेर बघतो. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. दिग्दर्शकाला हुक्की आली, बस.

खुनी कोण, यात आठव्या-नवव्या चित्रपटानंतर मला रस उरला नाही. ओढ लागते ती मंडळींची. योआखिम फुक्सबेर्गर किंवा हाइन्त्स द्राखे इन्स्पेक्टर, एडी आरेंट विदूषक, स्कॉटलंड यार्डचे सर जॉन म्हणजे झीगफ्रिड श्यूरेनबेर्ग, आणि क्लाउस किन्स्की. किन्स्की दारात दिसला की आई स्वयंपाकघरातून ओरडते, 'हाच!' तिला जर्मन येत नाही. पण दूरदर्शनवर 'ओल्ड फॉक्स' ही जर्मन पोलीस मालिका बघितलेली बाई आहे, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. बहुतेक वेळा चुकते, कारण किन्स्की संशय ओढून घ्यायलाच असतो आणि शेवटाआधीच मरतो. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा 'हाच'. आरेंटबद्दल मात्र एक सूचना: त्याला प्रत्येक वेळी निरुपद्रवी समजू नका. जास्त सांगत नाही.

खटकलेलं सांगायचं तर नायिका. किंचाळायचं, वारसाहक्क मिळवायचा, इन्स्पेक्टरच्या मिठीत जायचं. कारिन डोर एवढी चांगली नटी, तिलाही तेच काम. सर जॉनच्या सेक्रेटरीवरचे विनोद तर मी पुढे ढकलते. आणि 1966 मध्ये मालिका रंगीत झाली, तिथे माझं मन थोडं उडालं. धुक्याला हिरवा-जांभळा प्रकाश दिला की ते धुकं राहत नाही, जत्रेतला तंबू होतो. पेटर थॉमसचं संगीत मात्र तिथेही तसंच खुळं आणि झकास.

संच विकत घ्यावा का? सबटायटल्सशिवाय चालत असेल तर घ्या. नसेल चालत तर आधी विक्रेत्याला एकेका डिस्कचं विचारा. माझ्या दोन डिस्क बघायच्या राहिल्यात, दोन्ही रंगीत. आईने कालच विचारलं, किन्स्की आहे का त्यात.