एक्सपी-एंडो फिनिशर: अवघड रूट कॅनालच्या सफाईसाठी घ्यावी अशी फाइल

स्वित्झर्लंडच्या एफकेजी डेंटेअर या कंपनीची एक्सपी-एंडो फिनिशर ही फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नलिका साफ करणारी बारीक धातूची सळई, मी गेली काही वर्षे रूट कॅनालच्या अवघड केसेसमध्ये वापरत आलो आहे. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या नलिका, लांबट अंडाकृती नलिका आणि दोन नलिकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी साफ करण्यासाठी, मोठे यंत्र न घेता नेहमीच्या एंडोमोटरवर (रूट कॅनालच्या फाइली फिरवणाऱ्या मोटरवर) चालणारे इतके उपयोगी साधन मला दुसरे मिळालेले नाही. मात्र प्रत्येक दाताला ती लागतेच असे नाही, आणि कोठे लागते हे ठरवायचे तर नलिकांची रचना नीट ध्यानात घ्यावी लागते.

एक्स-रेमध्ये मुळाच्या आत एक-दोन काळ्या रेघा दिसतात आणि नलिका म्हणजे तेवढेच, अशी समजूत सहज होऊन बसते. काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून झुरिकचे संशोधक वॉल्टर हेस यांनी तिचे साचे तयार केले होते. त्यांचे काम 1925 साली इंग्रजीत आले, आणि त्या साच्यांत रेघांऐवजी फाटे, जाळ्या, पडदे आणि आडव्या जोडण्या दिसल्या. पुढे मायक्रो-सीटी, म्हणजे अतिसूक्ष्म त्रिमितीय स्कॅन, आले तेव्हा प्रश्न आकड्यांत मांडता आला. संशोधक ओव्ह पीटर्स आणि सहकाऱ्यांनी 2001 साली वरच्या दाढांवर केलेल्या अभ्यासात, निकेल-टायटॅनियम या लवचिक मिश्रधातूच्या फाइलींची कोणतीही पद्धत वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविनाच राहिला होता. गोल फिरणारी फाइल गोल भोकच पाडते. नलिका गोल नसेल तर उरलेल्या कोपऱ्यांत मेलेली मज्जा (दाताच्या आतला मऊ भाग) आणि जंतू तसेच राहतात, आणि वरून सुबक दिसणारे काम काही महिन्यांनी पुन्हा दुखू लागते.

सी-आकाराच्या नलिकेचे पहिले वर्णन कुक आणि कॉक्स यांनी 1979 साली केले. ती मुख्यतः खालच्या दुसऱ्या दाढेत आढळते: मुळे एकमेकांना चिकटलेली असतात आणि वेगवेगळ्या नलिकांऐवजी एकच अरुंद, वळणदार फट खालपर्यंत उतरते. येथे जाड फाइल घालून ती फट रुंद करावी म्हटले, तर मुळाच्या खाचेकडच्या बाजूची भिंत इतकी पातळ असते की आरपार भोक पडण्याचा धोका असतो. म्हणजे जेथे सफाईची गरज सर्वांत जास्त, तेथेच कापण्याची मुभा सर्वांत कमी. फिनिशरचे मोल माझ्या दृष्टीने या एका पेचात आहे, कारण ती नलिकेला आकार देण्यासाठी बनवलेलीच नाही.

ही फाइल 25 क्रमांकाची (टोकाशी 0.25 मिलिमीटर जाडीची) असून तिला टेपर नाही. टोकापासून वरपर्यंत ती सारखीच बारीक आहे. तिचा निकेल-टायटॅनियम मिश्रधातू थंड असताना मऊ आणि सरळ राहतो, तर शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे सुमारे 35 अंश सेल्सिअसला, आपले रूप बदलतो आणि टोकाकडचा साधारण 10 मिलिमीटरचा भाग चमच्यासारखा बाक घेतो. त्या अवस्थेत फिरताना ती जागा असेल तेथे पसरते आणि अडचण असेल तेथे आकसते. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिचा पसारा 6 मिलिमीटर व्यासापर्यंत जाऊ शकतो. भिंत खरवडली जाते, पण दंतिन, म्हणजे दाताचा कठीण भाग, फारसे कापले जात नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती तंतोतंत पाळावी लागते. नलिका आधी किमान 25 क्रमांकापर्यंत तयार हवी. फाइल प्लॅस्टिकच्या नळीत येते. त्या नळीवरच लांबी मोजून रबरी स्टॉपर बसवायचा, थंड स्प्रे मारून फाइल सरळ करायची आणि मोटर बंद ठेवूनच ती नलिकेत उतरवायची. मग वेग मिनिटाला 800 फेरे, टॉर्क (फिरवण्याचा जोर) 1 न्यूटन-सेंटिमीटर, आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने भरलेल्या नलिकेत सुमारे एक मिनिट, 7-8 मिलिमीटरच्या सावकाश खाली-वर हालचाली. बाहेर काढताना मात्र ती फिरती ठेवूनच काढायची. आपल्याकडे दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. विदर्भात मे महिन्यात दवाखान्यातला एसी बंद असेल तर फाइल तोंडात जाण्याआधीच वाकू लागेल, म्हणून थंड स्प्रे हाताशी असलाच पाहिजे. उलट, हायपोक्लोराइट फ्रिजमधून काढून लगेच नलिकेत सोडले, तर धातू थंडच राहील आणि अपेक्षित बाक येणार नाही.

नुकतीच खालच्या दुसऱ्या दाढेची एक केस केली. सीबीसीटीमध्ये (दातांच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) सी-आकार स्पष्ट दिसत होता. नेहमीच्या फाइली झाल्या, बाजूला छिद्र असलेल्या सुईने भरपूर धुऊन झाले, आणि मायक्रोस्कोपखाली पाहिले तर नलिकेतले द्रावण स्वच्छ, पारदर्शक दिसत होते. एरवी कोणीही येथे काम संपले असेच म्हटले असते. फिनिशर सुरू केल्यावर काही सेकंदांतच ते द्रावण दुधाळ झाले, आणि फटीच्या मधल्या भागातून मज्जेचे पांढुरके धागे वर तरंगत आले. धुऊन पुन्हा तीच क्रिया केली तेव्हा गढूळपणा बराच कमी होता. तो मधला भाग फाइलींनी नाही आणि सुईनेही नाही, तर या एका मिनिटाने मोकळा केला.

तरीही फिनिशर हा धुण्याला पर्याय नाही, हे मी आग्रहाने सांगेन. मज्जेचे अवशेष विरघळवण्याचे आणि जंतू मारण्याचे काम हायपोक्लोराइटचे आहे, आणि फाइलने भिंतीवर लिंपलेला थर काढण्याचे काम 17 टक्के ईडीटीए या द्रावणाचे आहे; फिनिशर त्या द्रावणांना कोपऱ्यापर्यंत नेते आणि तेथे घुसळते. नंतर भरपूर धुतले नाही तर सुटलेला कचरा नलिकेतच राहतो. रबर डॅम (दात तोंडातल्या लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) न लावता हे करणे तर मला सर्वस्वी अमान्य आहे. काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत ही फाइल नुसत्या सुईने धुण्यापेक्षा सरस ठरली आहे. अल्ट्रासॉनिकने (अतिवेगवान कंपनांनी) द्रावण हलवण्याशी तुलना केली तर निष्कर्ष एकसारखे नाहीत. ज्यांच्याकडे चांगले अल्ट्रासॉनिक युनिट आहे आणि जे ते मनापासून वापरतात, त्यांनी ते सोडून ही घ्यावी असे मी म्हणणार नाही. मी स्वतः सी-आकाराच्या नलिकेत दोन्ही वापरतो. अगदी बारीक आडव्या फाट्यांत मात्र यांपैकी कशाचेही टोक शिरत नाही. तेथे द्रावण आणि त्याला दिलेला वेळ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

फाइल निर्जंतुक वेष्टनात येते आणि एका दातापुरतीच वापरायची असते. तिची किंमत साध्या फाइलीपेक्षा बरीच जास्त आहे, आणि लहान गावातल्या दवाखान्यात हा खर्च रुग्णाच्या बिलात दिसतो. म्हणूनच वरच्या पुढच्या दातात, जेथे नलिका एकच आणि जवळपास गोल असते, तेथे मी ती उघडत नाही. ऑटोक्लेव्ह करून (वाफेने निर्जंतुक करून) पुन्हा वापरण्याचा मोह मात्र कोणी करू नये: बाक घेऊन फिरणाऱ्या बारीक धातूवर प्रत्येक फेऱ्यात ताण येतो, आणि सी-आकाराच्या फटीत तुटलेला तुकडा काढणे हे मूळ उपचाराहून कठीण काम असते.

जुना गटापर्चा (नलिकेत भरलेला रबरासारखा पदार्थ) काढून पुन्हा उपचार करायचे असतील तर याच मालिकेतली 30 क्रमांकाची, थोडी अधिक ताठ फिनिशर आर मागवावी; भिंतीला चिकटलेला सिलर (गटापर्चासोबत भरलेले लुकण) आणि गटापर्चाचे तुकडे सोडवायला ती अधिक योग्य आहे. दोन्ही फाइली 21 आणि 25 मिलिमीटर लांबीत मिळतात. मागच्या दाढांना, जेथे तोंड पुरेसे उघडत नाही, 21 ची सोय वाटते. मात्र लांब मुळांच्या सुळ्यांसाठी 25 ची हवीच. मागवण्याआधी आपल्या एंडोमोटरचा कमाल वेग 800 पर्यंत जातो की नाही, हे तपासून घ्यावे.