रिस्ट ब्रेस, बॅटरी रॅचेट आणि मोडलेलं मनगट: जीपच्या कामाचे साडेसहा महिने

हे लिहायला मुद्दाम उशीर केलाय. मनगटाला आधार देणारा ब्रेस आणला त्या आठवड्यातच एकदम भारी वस्तू आहे असं लिहून टाकणार होतो, बरं झालं नाही लिहिलं, कारण तिसऱ्या महिन्यात माझं मत फिरलं आणि आता परत थोडं फिरलंय. ज्यांचं मनगट मोडलंय आणि घराच्या पडवीत एखादी जुनी गाडी अर्धी उघडून पडलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांना लांबड वाटेल.

गाडी म्हणजे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, सीजे-३बी, ती उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच कारण इंजिनच उंच आहे, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, २.२ लिटरचं चार सिलिंडर. फलटणकडच्या एका ऊसवाल्याकडून आणली तेव्हा तिच्या टबमध्ये (पत्र्याच्या बॉडीत) कोंबड्या बसायच्या. दोन वर्षं रविवारी रविवारी काम करत चेसी, पाटे, ब्रेक असं एकेक मार्गी लावलं, इंजिनचं लेथचं काम इथं कोल्हापुरात उद्यमनगरातच झालं, आणि दसऱ्याला गाडी चालू करून पूजा करायची असं घरात सगळ्यांना सांगून बसलो होतो.

खंडेनवमीला सकाळी पाने, गोट्या (सॉकेट), पक्कड सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि संध्याकाळी हात मोडला. सेल्फ लागत नव्हता, तो ज्यात अडकून इंजिन फिरवतो त्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजलेले होते, तर म्हटलं हँडल मारू, म्हणजे पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हातानं फिरवू. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मीच बसवलेलं, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवता फिरवता ॲडव्हान्स जास्त झालं होतं हे नंतर कळलं. या इंजिनला ठिणगी टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या, आधी ५ डिग्री पाहिजे. हँडलनं इंजिन एकदम सावकाश फिरतं, तेवढ्यात ठिणगी लवकर पडली की पिस्टन वर पोचायच्या आधीच उलटा ढकलला जातो आणि हँडल उलटं येतं. माझा अंगठा हँडलभोवती गुंडाळलेला होता. जुने मिस्त्री पहिल्या दिवशी हेच शिकवतात की अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही, म्हणजे झटका आला तरी हँडल हातातून सुटून जातं. मला हे माहीत होतं. पण पंधरावीस वेळा मारून हात दमला होता आणि पकड आपोआप घट्ट झाली.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘गाडीचं हँडल मारत होता का?’ मी चाटच पडलो. रेडियस हाडाचं अंगठ्याच्या बाजूचं टोक मोडतं त्या फ्रॅक्चरला त्यांच्याकडं शोफर्स फ्रॅक्चरच म्हणतात, शंभर वर्षांपूर्वी मोटारींचे ड्रायव्हर हँडल मारताना असेच हात मोडून घ्यायचे म्हणून. कॅडिलॅकनं १९१२ च्या गाड्यांना इलेक्ट्रिक सेल्फ बसवला तो याच हँडलच्या जाचातून सुटायला. हाड सरकलं नव्हतं, ऑपरेशन टळलं, सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरबद्दल एकच सांगतो. पहिलं प्लास्टर जिथं घातलं तिथं त्यांनी ते बोटांच्या पेरांपर्यंत आणलं, मूठच वळेना, दुसऱ्या दिवशी बोटं सुजून लाल. दुसरीकडं जाऊन ते कापून परत घालून घेतलं, हाताची मूठ आणि अंगठ्याचं टोक मोकळं ठेवून. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची असतात हे मला तिथं कळलं. तुमची मूठ वळत नसेल किंवा बोटं बधिर, गार पडत असतील तर थांबू नका, रात्र असली तरी जा.

आता ब्रेस. प्लास्टर निघाल्यावर हात बघवत नाही, बारीक, कातडी सुटलेली, आणि मनगट दारासारखं गच्च. डॉक्टरांनी मनगटाचा ब्रेस सांगितला, तळहाताच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी आणि तीन वेल्क्रोचे पट्टे असलेला, मेडिकलमध्ये पाचशेच्या आतबाहेर मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नंतर मी दोन वेगळ्या कंपन्यांचे घेतले आणि मला फरक फक्त शिलाईत दिसला. पट्टी बाहेर काढून हातानं थोडी वाकवता येते, ती तुमच्या हाताच्या बाकाला बसवून घ्या, फिजिओकडून बसवली तर उत्तम, कारण सरळ पट्टी घालून मला आठवडाभर अंगठ्याच्या मुळाशी कळ येत होती ती पट्टी वाकवल्यावर दोन दिवसात गेली.

गॅरेजमध्ये ब्रेसचे हाल होतात. वेल्क्रोत कॉटन वेस्टचे धागे आणि वायर ब्रशनं उडालेला गंज अडकतो आणि पट्टा धरतच नाही, जुन्या दातांच्या ब्रशनं दर रविवारी साफ करावा लागतो. रॉकेल, ऑइल लागलं की आतला फोम ते पितो आणि कातडीला पुरळ येतं, म्हणून मी वरून जुन्या मोज्याची पुढची बोटं कापून घालायला लागलो. धुताना पट्टी काढायची, कोमट पाणी आणि साधा साबण, सावलीत वाळवायचा, आणि पावसाळी हवेत वाळत नाही म्हणून दोन पाहिजेतच.

पण खरी गोष्ट वेगळीच. पहिला महिना ब्रेस उपयोगी पडला, दुसऱ्या महिन्यात तो मला सवयीचा झाला आणि तिथं माझं नुकसान झालं. घातला की बरं वाटायचं म्हणून मी दिवसभर घालायला लागलो, झोपताना पण, डॉक्टरांनी फक्त बाहेर जाताना आणि वजन उचलताना घालायला सांगितलं होतं तरी. फिजिओनं कोनमापक लावून बघितलं तर मनगट वर वळायचं २५ डिग्री, महिन्याभरापूर्वी होतं तेवढंच. ती म्हणाली, ‘दादा, हाड जुळलंय, आता तुम्ही त्याला बांधून ठेवताय.’ त्या दिवसापासून ब्रेस फक्त गाडीजवळ. माझं आत्ताचं मत विचाराल तर ब्रेस ही कामाच्या वेळची वस्तू आहे, बुटासारखी, घरात आलं की काढायची.

सगळ्यात उशिरा परत आलं ते तळहात उताणा करणं. स्क्रू ड्रायव्हरनं स्क्रू आवळताना उजव्या हाताला हीच हालचाल लागते. अंबाबाईच्या देवळात गेलो, पुजाऱ्यांनी तीर्थ द्यायला पळी पुढं केली आणि माझा तळहात तिरकाच राहिला, तीर्थ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. डावा हात पुढं करायचा नाही म्हणून डाव्या हातानं उजव्या हाताला खालून आधार देऊन फिरवला आणि दुसऱ्यांदा घेतलं. जीप मला परत चालवता येईल का हा प्रश्न तिथं पहिल्यांदा खरा वाटला, डोळ्यात पाणी आलं हे सांगायला लाज वाटत नाही.

फिजिओनं रंगीत पुट्टी दिली होती दाबायला, ती चांगली आहे, पण आईनं दुसऱ्याच दिवशी परात पुढं सरकवली आणि म्हणाली हे मळ. ज्वारीचं पीठ तळहाताच्या टाचेनं रगडायचं, गोळा फिरवायचा, उलटा करायचा. तीन महिने घरातलं भाकरीचं पीठ मी मळलं. पुट्टी वाईट नाही, पण पुट्टी मी दहा मिनिटांत ठेवून देत होतो आणि पीठ नीट मळून होईपर्यंत आई उठू देत नव्हती. मळायच्या आधी पाच मिनिटं हात गरम पाण्यात, त्यानं फार फरक पडतो.

बॅटरी रॅचेटबद्दल, म्हणजे नटबोल्ट फिरवणाऱ्या बॅटरीवरच्या पान्याबद्दल, बरेच जण विचारतात. प्लास्टर असतानाच मागवला होता की एका हातानं नटबोल्ट निघतील. गंजलेला नट त्यानं सुटत नाही, तेवढी ताकदच नसते, आधी लांब पान्यानं सैल करावा लागतो आणि मग तो भर्रकन काढून देतो. मोकळ्या आट्यांवर मस्त. पण नट तळाला टेकला की उरलेला सगळा झटका हातात येतो, हँडलच्या झटक्याचाच धाकटा भाऊ, चौथ्या महिन्यात एकदा असा बसला की दोन दिवस मनगट सुजलं. इम्पॅक्ट रेंचमध्ये (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) तो पिळा हातात येत नाही पण थरथर येते, ती बऱ्या होत असलेल्या हाताला तितकीच वाईट. म्हणून माझा सल्ला, मनगट मोडल्यावर पहिल्या चार महिन्यांत असलं काही घेऊ नका, ते पैसे चांगल्या व्हाइसमध्ये घाला. बाकावर पक्की बसवलेली व्हाइस आणि तिच्या जबड्यांना तांब्याचे पत्रे, हाच माझा उजवा हात होता. ती धरून ठेवायची, डावा हात काम करायचा.

डाव्या हातानं काय काय झालं तर कार्बुरेटर पूर्ण खोलून साफ झाला, सगळे बोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावल्या (डाव्या हाताचं अक्षर, पण वाचता येतं), सगळ्या वायरिंगचा नकाशा काढला, आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट २० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बसवायला शिकलो. फीलर गेज (फट मोजायच्या पत्त्या) डाव्या हातात धरून पत्ती सरकताना ती किंचित अडखळते तो स्पर्श ओळखायला मला तीन रविवार लागले. हेडचे बोल्ट मात्र भाच्याकडून आवळून घेतले, ६० ते ७० फूट-पाउंड पिळा लागतो आणि तिथं हट्ट नको. तो टॉर्क रेंच ओढायचा आणि मी शेजारी उभा राहून क्रम सांगायचो. मला वाटलं होतं दुसऱ्याच्या हातानं काम झालं की गाडी आपली वाटणार नाही. तसं झालं नाही. तो आता दर रविवारी विचारल्याशिवाय येतो.

मधले दोन महिने मी पडवीत गेलोच नाही हेही सांगतो. ताडपत्री ओढून ठेवली होती. सोसायटीतली पोरं विचारायची काका जीप कधी, आणि मी मागच्या दारानं जायचो. त्यातून बाहेर काढलं ते कार्बुरेटरनं, कारण तो घरात, टेबलावर पेपर पसरून करता येत होता. गाडीजवळ जाववत नसेल तर गाडीचा एक तुकडा घरात आणा.

आत्ताचे आकडे: पकड मोजायच्या यंत्रावर प्लास्टर निघालं तेव्हा उजवा ९ किलो होता, आता ३१, डावा ३८. मनगट वर ६० डिग्री वळतं. तळहात उताणा व्हायला अजून थोडा कमी, पण तीर्थ सांडत नाही.

फ्लायव्हीलची रिंग बदलली, सेल्फ दुरुस्त करून घेतला, टायमिंग लाइट लावून ५ डिग्री तपासली, आणि अक्षय्य तृतीयेला बटण दाबल्यावर तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. पहिले काही सेकंद निळा धूर, मग एकसारखा आवाज. भाचा ओरडला, आई हात पुसत बाहेर आली, तिच्या हाताला पीठ होतं. हँडल मी सीटखाली तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलंय, त्यावर पांढऱ्या पेंटनं अंगठ्याची बाजू दाखवणारी खूण केलीय, भाच्याला दोनदा कोरड्या इंजिनवर, कॉइलची वायर काढून, धरायचं कसं ते दाखवलं. पुढच्या रविवारी हूडचं, म्हणजे छताचं, कापड बसवायचं आहे, ते ताणायला ब्रेस घालणार.