नव्व्याण्णव रुपये इंच: टॅटूचं बिल कुठे फुगतं आणि सुई कुठे दगा देते

आधी एका गिऱ्हाइकाचा हिशोब बघा. मुलगा भरतीची तयारी करणारा. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, ‘₹९९ प्रति चौरस इंच, आज शेवटचा दिवस’. त्याला दंडावर डमरू बांधलेला त्रिशूळ हवा होता, ३ बाय ५ इंचांचा. म्हणजे १५ चौरस इंच, ₹१,४८५. ₹५०० आगाऊ यूपीआयने पाठवून तो नागपुरात बर्डीवरच्या दुकानात पोचला. तिथून निघाला तेव्हा खिशातून आणखी ₹५,७२६ गेले होते आणि आगाऊ दिलेले पाचशे ‘डिझाइन फी’ म्हणून कापले गेले होते.

यात कुठेही उघड चोरी नाही. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा छापा, काढताना डिझाइन वीस टक्क्यांनी मोठं केलं. लांबीत वीस आणि रुंदीतही वीस, त्यामुळे क्षेत्रफळ चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढलं: ३.६ बाय ६. मग मोजपट्टी लावून दोन्ही आकडे ‘पुढच्या पूर्ण इंचात’ धरले, ४ बाय ६. झाले २४ चौरस इंच, ₹२,३७६. त्रिशुळाच्या दोन्ही बाजूंची मोकळी कातडीही त्या चौकोनात आली. जिथे सुई लागलीच नाही तिथलेही पैसे. शेडिंगचे इंचाला ₹५० वेगळे, म्हणजे ₹१,२००. बधिर करणारं क्रीम ₹१,२००, ‘निडल-इंक किट’ ₹५००, नंतर लावायची डबी ₹४५०. निडल आणि शाईशिवाय टॅटू होतो का, हा प्रश्न बिल हातात येईपर्यंत सुचत नाही, आणि तोवर दंड क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेला असतो.

या धंद्यात घासाघीस पहिल्या रेघेआधीच होते. एकदा बाहेरची रेघ अर्धी झाली की गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून आगाऊ पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं: अंतिम रक्कम किती, ती कोणत्या मापाला, शेडिंग-निडल-शाई धरून आहे का, आगाऊ रक्कम बिलातून वजा होणार का, टच-अप फुकट असेल तर किती दिवसांत. इंचाचा दर विचारूच नका, पूर्ण कामाचा आकडा विचारा. जो माणूस ‘आल्यावर पाहू’ म्हणतो तो आल्यावर पाहतोच. आणि घरून मोजपट्टी न्या. स्टेन्सिल कातडीवर लावल्यावर स्वतः मोजा. जास्त भरलं तर पुसायला सांगा. जांभळं स्टेन्सिल स्पिरिटने निघतं, पुन्हा लावायला दहा मिनिटं लागतात. यावर चिडणाऱ्या दुकानातून तेव्हाच निघावं.

नाव किंवा वाक्य असेल तर स्टेन्सिल दोनदा वाचा, त्यात देवनागरी असेल तर तीनदा. डिझाइनच्या ॲपमध्ये मराठी मजकूर चिकटवला की पुष्कळदा जोडाक्षरं तुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ तर न तुटताही होतो. घरच्या कुणाला तरी फोटो पाठवून वाचून घ्या. अक्षरं फार बारीक घेऊ नका. शाई वर्षागणिक थोडी पसरतेच, त्यामुळे बारीक ‘श्री’च्या पोटातली पोकळी भरून जाते आणि काही वर्षांनी काळा ठिपका उरतो. ‘एका इंचात अख्खं नाव बसवून देतो’ म्हणणारा आज खोटं बोलत नसतो, पण पुढचं सांगत नाही.

पोर्टफोलिओ बघताना ताज्या टॅटूंचे फोटो जवळपास निरुपयोगी. ताजा टॅटू सगळ्यांचाच कुळकुळीत दिसतो. महिना-दोन महिन्यांनी भरून आलेल्या कामाचा फोटो मागा, आणि तो त्याच माणसाने केलेला हवा. भिंतीवरच्या सर्टिफिकेटला फार किंमत देऊ नका. ती खाजगी क्लासची असतात.

आता सुईकडे. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात नाही, त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. वरचा थर सतत झडून नवा येतो, खालचा राहतो, म्हणून टॅटू टिकतो. ‘दोन वर्षांत आपोआप जाणारा सेमी-परमनंट’ अशी जाहिरात दिसली तर ती याच कारणाने खोटी. शाई वर राहिली तर काही आठवड्यांत डागाळून जाते, खाली गेली तर जन्मभर राहते. सुई आणखी खोल, चरबीच्या थरापर्यंत गेली तर रेघेच्या कडेला निळसर धूर पसरल्यासारखं दिसतं. त्याला ब्लोआउट म्हणतात आणि टच-अपने तो जात नाही.

सुई नवी आहे हे तोंडी ऐकायचं नसतं, पाकीट बघायचं असतं. मशीनला लावायच्या सुयांच्या प्रत्येक कार्ट्रिजचं स्वतंत्र पाकीट असतं. त्यावर लॉट नंबर, मुदत, आणि इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्याची खूण असते. ‘१२०७ आरएल’ असं लिहिलेलं असेल तर १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर जाडीची सुई, ०७ म्हणजे सात सुयांचा जुडगा, आरएल म्हणजे गोल लायनर, बाहेरच्या रेघांसाठीची. ते तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. खरी मखलाशी पुढे होते: लायनरचं पाकीट थाटात समोर फोडतात आणि तासाभराने शेडिंगला ट्रेमधली आधीचीच मॅग्नम, म्हणजे शेडिंगची रुंद सुई, लावतात. तेव्हा गिऱ्हाईक दुखण्याने डोळे मिटून पडलेलं असतं. बाहेरच्या रेघा आणि शेडिंग असं काम असेल तर किमान दोन पाकिटं फाटायला हवीत. रिकाम्या पाकिटांचा फोटो काढून ठेवा. ‘काय भाऊ, इतकं कायले पाहून राहिला, सगळं इम्पोर्टेड आहे’ हे उत्तर आलं तर दुसरं पाकीट नाही असं समजा.

निळा दिवा लावलेली यूव्ही पेटी दाखवून ‘सगळं स्टरलाइज’ म्हणणारे बरेच आहेत. ती पेटी स्वच्छ वस्तू झाकून ठेवण्यापुरती. मशीनची धातूची मूठ (ग्रिप) निर्जंतुक करायची तर ऑटोक्लेव्हच, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र, लागतो: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटं. पाउचवर रंग बदलणारी पट्टी असते, ती बघायला मागा.

सुईइतकाच धोका ज्या वस्तूकडे कुणी बघत नाही तिच्यात असतो. स्टेन्सिल चिकटवायला काही जण डिओची काडी (डिओडरंट स्टिक) वापरतात. आधी रेझरने केस काढतात, बारीक ओरखडे पडतात, आणि त्यावरून ती काडी थेट फिरवतात. तीच काडी सकाळपासून किती दंडांवरून फिरली ते विचारा. स्टेन्सिल चिकटवायचं जेल हातमोज्यावर किंवा टिश्यूवर घेऊन लावायला हवं, आणि रेझर एकदाच वापरून फेकायचा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हातमोजे घालून मोबाइल उचलणारा कारागीरही इथेच मोडतो. मोबाइलला हात लागला की मोजे बदलले पाहिजेत. यात्रेतल्या बॅटरीवरच्या मशीनबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, तिथे एकच सुई रांगेतल्या सगळ्यांची असते.

शाई एकदाच वापरायच्या छोट्या कॅपमध्ये ओततात, उरलेली फेकतात. उरलेली परत बाटलीत गेली तर ती बाटली बाद. त्याहून लबाडीची गोष्ट म्हणजे पाणी. राखाडी शेडिंगसाठी काळी शाई पातळ करावी लागते. त्यासाठी निर्जंतुक पाणी किंवा ग्रेवॉश, म्हणजे तयार राखाडी शाई, वापरायची असते. पैसे वाचवायला नळाचं किंवा कॅनचं पाणी घालतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये २०११ च्या सुमारास अशाच पातळ केलेल्या राखाडी शाईतून १९ जणांना मायकोबॅक्टेरियम या जिवाणूचा संसर्ग झाला होता, आणि तिथे तर शाई कंपनीतूनच पातळ होऊन आली होती. लक्षण ओळखायला सोपं आहे: एक ते तीन आठवड्यांनी फक्त राखाडी भागावर लालसर पुळ्या, काळ्या रेघा मात्र स्वच्छ. नेहमीच्या अँटिबायोटिकने त्या बसत नाहीत आणि महिनाभर मलमं बदलण्यात जातो. सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि टॅटूनंतर आल्याचं स्पष्ट सांगा, म्हणजे तपासणीला कातडीचा तुकडा पाठवला जाईल.

बधिर करणाऱ्या क्रीमची ट्यूब हातात घेऊन वाचा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या क्रीममध्ये लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असतं. टॅटूच्या दुकानात परदेशी अक्षरांच्या, प्रमाण न लिहिलेल्या ट्यूब फिरतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) मार्च २०२४ मध्ये ४ टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असलेल्या अशा उत्पादनांबद्दल इशारा दिला. मोठ्या भागावर जाड थर लावून वरून फिल्म गुंडाळली की औषध रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लहान टॅटूला क्रीमची गरजही नसते, पण बिलात ते हमखास असतं.

₹४५० च्या डबीत काय होतं? लेबल नव्हतं, एवढंच सांगता येईल. अशा डब्यांत कधी साधं पेट्रोलियम जेली असतं, कधी स्टेरॉइड मिसळलेलं मलम. स्टेरॉइडने लाली झटपट उतरते, गिऱ्हाईक खूश होतं, पण जखम उशिरा भरते आणि संसर्ग झाकला जातो. विना-लेबल काहीही लावू नका. क्लिंग फिल्म दोन ते चार तासांनी काढा, कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुवा, स्वच्छ टिश्यूने टिपा, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावा. दिवसातून दोन-तीनदा. हळद नको, खोबरेल नको. चौथ्या दिवसापासून खाज सुटते, खपल्या निघतात. नखं लावली तर तिथली शाईही खपलीबरोबर निघते. वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर स्विमिंग टँक, तलाव आणि थेट ऊन बंद. उन्हात जायचंच असेल तर सैल सुती बाही.

पारदर्शक ‘सेकंड स्किन’ पट्टी नागपूरच्या मे महिन्यात पैसे वाया घालवण्याचा प्रकार आहे. पारा पंचेचाळीसला टेकला की घामाने तिची कडा सुटते, आत घाम आणि जखमेतून झिरपणारं पाणी साचतं. कडा सुटली की पट्टी काढलीच पाहिजे, वरून दाबून चिकटवायची नाही. दुपारी बाहेर फिरायचं काम असेल तर टॅटू दिवाळीनंतरच करून घ्या.

लाली तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी पसरत असेल, पू असेल, ताप असेल किंवा लाल रेघ वर चढत असेल तर दुकानदाराला फोटो पाठवत बसू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. सुई वापरलेली होती असा रास्त संशय असेल तर ७२ तासांच्या आत मेडिकल रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायची औषधं त्या मुदतीतच सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बी ची लस (तीन डोस, सुरुवातीला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) टॅटूआधी पूर्ण असलेली चांगली. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे कित्येक घरांत रक्त नेहमी लागतं, अशा घरातल्या दात्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

त्या मुलाचं पैशाहून मोठं नुकसान जागेचं झालं. ‘भरतीत चालतं’ असं दुकानात सांगितलं होतं. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आतली बाजू चालते ती डाव्या हाताचीच, कारण सलाम उजव्या हाताने होतो, आणि टॅटू त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. दंड यातल्या कशातच बसत नाही. ज्या भरतीला उतरायचं तिची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, दुकानदाराकडून ऐकू नका.

मग सुरू होते दुसरी लूट. ‘वैद्यकीय चाचणीच्या आधी महिनाभरात साफ, दोन सिटिंग.’ लेझरने काळी शाई फुटते, पण फुटलेले कण शरीराने उचलून न्यायला वेळ लागतो. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे ठेवतात. सहाच सिटिंग धरल्या तरी मधली पाच अंतरं म्हणजे तीस ते चाळीस आठवडे, आणि सहात काम होईलच असं नाही. हिरवा-निळा रंग आणखी चिवट. घाई करून जास्त ताकदीचा लेझर मारला तर आपल्या सावळ्या कातडीवर पांढरा डाग किंवा व्रण राहतो. ‘टॅटू रिमूव्हल क्रीम’ तर त्याहून वाईट. शाई खालच्या थरात आहे, तिथवर पोचायला क्रीमला वरची कातडी जाळावीच लागते, काहींत तर आम्लच असतं.

पैसे बुडाले असतील तर ऑनलाइन आगाऊ घेऊन पसार झालेल्यासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे. बिलाच्या आणि कामाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही. तिथे लागतं ते असं: जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची पावती, स्टेन्सिल मोजपट्टीसह, रोज त्याच उजेडात काढलेले फोटो, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टॅटूनंतर’ हा शब्द. बिल रोखीने दिलं असेल तर दुकानातून निघण्याआधीच ‘आज इतके दिले’ असा एक मेसेज त्याच नंबरवर टाकून ठेवा. त्याने नुसतं ‘ओके’ पाठवलं तरी तो पुरावा होतो.