“सगळ्या माद्याच आहेत, ताई”

जपानी बटेर, म्हणजे लाव्यासारखे छोटे पक्षी, आणून पंधरा-वीस दिवस झाले असतील, आणि पिंजऱ्यांतून ओरडा सुरू झाला. पहाटे, दुपारी, दिवा मालवल्यावरसुद्धा. शेजारच्या काकू कान देऊन ऐकत म्हणाल्या, “अगं, माद्या कधी एवढ्या बांगा देतात का?” मला तोवर वाटत होतं, पक्षी मजेत आहेत.

आमच्या गटात अकरा बायका. कुणाला जमीन नाही, कुणाला आहे ती पोटापुरतीही नाही. जपानी बटेरांची योजना घेऊन तो माणूस आला तेव्हा त्याने आमच्याआधी आमच्या अडचणी बोलून दाखवल्या. मग म्हणाला, “ताई, मूठभर पक्षी, हातभर जागा. सहा-सात आठवड्यांचा झाला की अंडी चालू. रोग नाही, राई नाही. तुम्ही दाणा टाका, अंडी आम्ही उचलतो.” शिकलेल्या भाच्याकडून मी चौकशी करून घेतली. सहा-सात आठवड्यांत अंडी, खरं निघालं. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर, कोंबडीला एकवीस लागतात, तेही खरं. जे तपासता आलं ते खरं निघालं, म्हणून उरलेलं आम्ही तपासलंच नाही.

एक दिवसाची पिल्लं सांभाळायची कटकट नको, म्हणून तीन आठवड्यांची वाढवलेली देतो म्हणाला. सगळ्या माद्या, म्हणून भाव दुप्पट. आमच्या वहिनींनी त्यासाठी दुभती शेळी विकली. खोकी आली ती दिवेलागणीला. “आत्ता उघडू नका, बिथरतील,” म्हणाला.

काकू बोलल्या त्या दिवशी मी एकेक पक्षी हातात घेऊन बघितला. साध्या तपकिरी बटेरात तीन आठवड्यांना छातीवरूनच कळतं. मादीच्या फिक्या छातीवर काळे ठिपके, कुणी मिरी भरडून टाकल्यासारखे. नराची छाती विटकरी, ठिपक्यांशिवाय. पांढऱ्या किंवा काळ्या जातीत हा रंग उपयोगी पडत नाही. पण वयात आलेल्या नराच्या शेपटीखाली गाठ असते, ती दाबली की पांढरा फेस येतो. माझ्या शंभरात माद्या निघाल्या तेवीस. कुणीतरी स्वतःसाठी माद्या निवडून घेतल्या होत्या आणि उरलेला माल आमच्या गळ्यात मारला होता.

फोन केला तर हसला. “नर लागतातच ताई, त्याशिवाय अंडी कशी?” खायच्या अंड्यांसाठी नर लागतच नाही. पिल्लं काढायची असली तरी दोन-तीन माद्यांमागे एक पुरतो. आणि खायला नरालाही तेवढंच लागतं, पक्ष्यामागे रोज वीस-पंचवीस ग्रॅम. शंभर पक्षी म्हणजे दिवसाला दोन-अडीच किलो खाद्य, तेही करारानुसार त्याच्याकडूनच घ्यायचं.

“वर्षात आपोआप दुप्पट होतील” हेही त्याचंच. वहिनींनी पिंजऱ्यात गवत घालून अंडी तशीच ठेवली, मादी बसेल म्हणून. पाळीव जपानी बटेर सहसा अंड्यांवर बसतच नाही. अंडं घालते आणि वळूनही बघत नाही. उबवणी यंत्र तरी हवं, नाहीतर खुडूक कोंबडी. रोगाचं म्हणाल तर पातळ पांढरी हगवण लागून आमचे बरेच पक्षी गेले. डॉक्टरांनी आतड्याचा एक रोग सांगितला. त्याचं जुनं नावच ‘क्वेल डिसीज’, म्हणजे बटेरांचा रोग. मला त्या स्थितीतही हसू आलं.

एवढं होऊनही आम्ही धीर धरून थांबलो होतो, कारण पहिल्या खेपेची अंडी त्याने खरंच नेली. रोख पैसे दिले, बाजारापेक्षा जास्त. नोटा माझ्या हातात ठेवून फोटो काढला, “हसा ना ताई” म्हणत.

दुसऱ्या खेपेला वजनकाटा घेऊन आला. करारात कलम होतं, अंडं तेरा ग्रॅमच्या वरचं हवं. आम्ही ते वाचलं होतं, पण तेरा ग्रॅम म्हणजे किती ते कुणाला ठाऊक होतं? जपानी बटेराचं अंडं साधारण दहा ते बारा ग्रॅमचंच असतं. त्याने एकेक अंडं काट्यावर ठेवलं, मान हलवली, हळहळला आणि ट्रे तसाच ठेवून निघून गेला. त्याला अंडी कधी नकोच होती. त्याची कमाई पक्षी, पिंजरे आणि खाद्य विकतानाच झाली होती. तुमच्याकडे कुणी असा करार घेऊन आला, तर आधी त्याची अंडी कुठे विकली जातात ते दुकान दाखवायला सांगा, आणि खोकी दिवसाउजेडी उघडा.

नंतर फोन बंद. करारावरचा पत्ता एका रिकाम्या गाळ्याचा निघाला. पोलिसांत तक्रार दिली आहे. नर मिळेल त्या भावात खाटकाला गेले.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी बाईचा फोन आला. माझा नंबर तिने कसाबसा शोधून काढला होता. आधी बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “ताई, नोटा हातात धरून हसणाऱ्या त्या तुम्हीच ना? तुमचा फोटो बघून आम्ही पैसे भरले.”